एक जूनची मुलगी

"बाई, त्या तारखेले हात लावू नको," पितांबर गुरुजी म्हणाले होते, आणि भाविकाने ते बोलणं त्यांच्या उष्ट्या ताटाबरोबर उचलून बाजूला ठेवलं होतं.

गुरुजी म्हणजे भाविकाचे वडील. धरणगावच्या आसपासच्या खेड्यांत छत्तीस वर्षं त्यांनी पहिलीच्या पोरांना हात धरून अक्षरं गिरवायला लावली. जूनमध्ये ते लेकीकडे जळगावला चार दिवस राहायला आले, आणि नेमकी त्याच आठवड्यात शाळेची यादी लागली.

ती यादी म्हणजे भाविकाच्या घरात गेले सहा महिने पाहुण्यासारखी बसलेली गोष्ट. शाळेत पाचवीपासून 'प्रज्ञा वर्ग' नावाची वेगळी तुकडी होती. जिल्ह्याबाहेरूनही मुलं परीक्षेला यायची. जागा चोवीस. लेखी गुणांत वयाचे गुण मिळवायचे, म्हणजे मूल जितकं लहान तितके महिन्यामागे पाव गुण जास्त. हर्षिता, भाविकाची एकुलती एक लेक, पंचविसावी आली. तिच्या नावाच्या वर एक जाड रेघ होती आणि रेघेच्या वर चोविसाव्या नंबरला धुळ्याची एक मुलगी. अलफिया फारुख. लेखीत हर्षितापेक्षा एक गुण कमी, पण सात महिन्यांनी लहान. बेरजेत हर्षिता पाऊण गुणाने खाली.

पाऊण गुण. भाविका तो आकडा भाजी चिरताना मोजायची, केस विंचरताना मोजायची. बी.एस्सी.ला तिचा विषय गणित होता. आकड्याकडे बघत राहिलं की तो कुठेतरी हलतो, हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तो हलला.

"नाना, या मुलीची जन्मतारीख बघा ना." तिने फोनवरचा यादीचा फोटो मोठा करून वडिलांपुढे धरला. "एक जून."

गुरुजी हसले. "आपलीच तारीख शे की."

हे हसणं त्या घरात सगळ्यांना कळत होतं. जून महिन्यात आईबाप पोराला दंडाला धरून शाळेत आणायचे. जन्म कधीचा, विचारलं तर 'कपाशी वेचणी चालू व्हती' एवढंच सांगायचे. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. हात पोचला, की वय झालं सहा. तारीख? एक जून. वर्गातल्या तीस पोरांपैकी वीस एक जूनला जन्मलेली. गुरुजींचे जुने विद्यार्थी आता तलाठी झाले, कंडक्टर झाले, एक तर पोलीस निरीक्षक झाला, आणि सगळे एकाच दिवशी निवृत्त होतात, म्हणून गुरुजी दरवर्षी मेअखेरीला सत्काराची पोतंभर फुलं घरी आणत.

"म्हणजे खोटीच ना तारीख?" भाविका म्हणाली. "मग वयाचे गुण कसे धरले तिचे? कशावरून ती सात महिन्यांनी लहान?"

गुरुजींचं हसू विरलं. तेव्हा ते म्हणाले ते. त्या तारखेले हात लावू नको. आणि थोडं थांबून, "मी लिखेल तारखा खोट्या व्हत्यात, बाई. पोरं खरी व्हतीत."

"तुमचा काळ वेगळा होता, नाना. आणि तिचं असं काय होणार आहे? शेजारच्या तुकडीत बसेल. शाळा तीच, गणवेश तोच."

निकालाविरुद्ध अर्ज करायला पंधरा दिवसांची मुदत होती. भाविकाने चार पानांचा अर्ज लिहिला. तिचा नवरा कुंदन, ठिबकच्या नळ्यांच्या दुकानातून जेवायला आलेला, पानं चाळत म्हणाला, "अगं, दुकानाच्या भाडेकराराला दोन पानं लागली होती. तू वकील व्हायला पाहिजे होतीस. उगाच माझ्या नशिबी आलीस."

"तू जेव."

"जेवतो. पण एक सांग, त्या पोरीला ओळखतेस तू?"

"ओळखायचा काय संबंध? मी तारखेबद्दल लिहिलंय. पोरीबद्दल एक शब्द नाही त्यात."

खरंच नव्हता. तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य होतं. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक असून, आपल्या सेवाकाळात अशा शेकडो तारखा आपण अंदाजाने नोंदवल्याचे ते स्वतः सांगतात. त्या वाक्याबद्दल तिने वडिलांना विचारलं नव्हतं. अर्जाची प्रत टीव्हीजवळ पडलेली त्यांना दिसली. त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली, जशी होती तशी दुमडली, आणि पिशवी भरायला घेतली.

"नाना, जेवून तरी जा."

"भूक नाही," ते शुद्ध मराठीत म्हणाले. लेकीशी ते कधीच शुद्ध बोलत नसत.

सुनावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. वर्ग तोवर सुरू झाले होते, यादीतली चोवीस मुलं आपापल्या बाकांवर बसत होती. भाविका फाइल छातीशी धरून कार्यालयाबाहेर पोचली, तेव्हा तिथल्या बाकड्यावर एक माणूस आणि एक मुलगी आधीच बसलेली होती. माणसाचा शर्ट धुऊन पांढराशुभ्र, पण कानाजवळच्या केसांत सुताचे बारीक तंतू अडकलेले. मुलीला दोन वेण्या, आणि पाय जमिनीला टेकत नव्हते.

"काकू, बसा. मी सरकते."

"असू दे, बाळा."

"तुमची पण तारीख चुकलीय का?"

भाविकाने उभ्याउभ्याच फाइल उघडून वरचा कागद बघितल्यासारखं केलं. मुलगी पाय हलवत होती. मग पाय थांबले.

"काकू, तुमच्या कागदावर माझं नाव आहे."

भाविकाने फाइल पालथी केली. "नाही गं. दुसरं कोणी असेल."

"माझंच आहे. मला उलटं वाचता येतं. अब्बू पेपर जमिनीवर पसरून वाचतात ना, मी समोर बसून वाचते."

"अलफिया, चूप," माणूस म्हणाला आणि भाविकाकडे बघून ओशाळं हसला. "माफ करना ताई, ये सबसे बात करती है."

फारुखला आधी आत बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. कारकून शालिग्राम यांचा आवाज बाहेर येत होता. "हे काय आणलंत? गुजरातीत आहे हे. दवाखान्याची चिठ्ठी चालत नाही. दाखला आणा, मराठी नाहीतर इंग्रजी. आठ दिवस देतो, बास."

"साहब, सूरत जाना पडेगा."

"मग जा ना. गाडी आहे की."

भाविकाला त्या क्षणी जे वाटलं, ते तिने पुढे कितीतरी दिवस स्वतःशीही उच्चारलं नाही. तिला वाटलं होतं, बरं झालं.

आठ दिवसांत सुरतेहून दाखला आला नाही. समितीने अलफियाचे वयाचे गुण वगळले, आणि बेरीज बदलली. पेढे आणले गेले. हर्षिताने अर्धा पेढा खाल्ला.

प्रज्ञा वर्गातल्या पहिल्या दिवशी हर्षिता घरी आली ती दप्तर न काढताच खुर्चीवर बसली.

"आई, हजेरीत चोवीस नंबरला अजून अलफियाचं नाव आहे. खाडाखोड चालत नाही म्हणे. माझं नाव वर पेन्सिलने लिहिलंय."

"शाईने लिहितील नंतर."

"बाईंनी आज चुकून तिचंच नाव घेतलं. सगळे गप्प झाले."

"मग?"

"मग मी हजर म्हटलं. कोणीतरी म्हणायला पाहिजे ना."

तीन दिवसांनी हर्षिता दप्तरातून एक वही काढून बसली. अलफियाची, बाकाच्या कप्प्यात राहिली होती. पातळ, वापरलेल्या वह्यांची कोरी पानं शिवून केलेली, आणि शिवण इतकी बारीक की टाके दिसत नव्हते. आत कोडी होती, स्वतः रचलेली आणि स्वतःच सोडवलेली. नववं अर्ध्यावर सोडलेलं. हर्षिता आठवडाभर त्या नवव्याला भिडली. जेवताना ताटात बोटाने आकडे काढायची. भाविकानेही एकदा, मुलगी शाळेत असताना, कागद घेतला आणि करून पाहिलं. पाचव्या ओळीपर्यंत सगळं सरळ होतं. पुढे मुलीच्या डोक्यात काय होतं, ते भाविकाच्या गणितात बसेना.

"तिला सुटलं असतं," हर्षिता म्हणाली.

मग भर दुपारी दिसायला लागलं. बाजारात केळीच्या हातगाडीपलीकडे दोन वेण्या. भाविका घाईने वळून बघे, तर भलतीच मुलगी. शाळेच्या फाटकाशी टेकून उभी एक लहानशी पाठ. जवळ जाईतो ती रिक्षात बसून गेलेली. बाकड्यावर कोणी पोर बसलेलं दिसलं, की भाविका आधी त्याचे पाय बघायची, जमिनीला टेकतात का. कुंदन म्हणे, ऊन लागलंय तुला, डोक्याला रुमाल बांधत जा.

एकदा पालकसभेनंतर तिने शालिग्रामना सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती धुळ्याची मुलगी आता कुठल्या तुकडीत आहे?"

"कुठल्याच नाही." ते पावत्या फाडत होते. "बाहेरगावची ना ती. वसतिगृह प्रज्ञा वर्गाचंच. वर्ग नाही तर खोली नाही. बाप येऊन पेटी घेऊन गेला. पोरगी रडली नाही हो बिलकुल. मला विचारते, सर, मग मी नक्की कधी जन्मले? आता मी काय सांगणार?" ते हसले आणि पुढची पावती फाडली.

त्या दिवसानंतर हर्षिता हाकेला ओ देईनाशी झाली. भाविका स्वयंपाकघरातून 'हर्षिता' म्हणून दोनदा, तीनदा हाक मारी. पोर समोरच बसलेली, वहीत डोकं घालून, ऐकू न आल्यासारखी. एकदा शेजारच्या घरात टीव्ही लागला होता आणि त्यातली कोणी बाई 'अलफिया' म्हणाली की भाविकाला तसा भास झाला, देव जाणे, पण हर्षिताने मान वर केली. नंतर तिने विचारलं,

"आई, माझी तारीख कोणी लिहिली?"

"दवाखान्यात लिहिली. डॉक्टरांनी."

"तू बघितलंस?"

बाळंतपणात भाविका शुद्धीवर नव्हती. तारीख तिलाही दुसऱ्याच कोणीतरी सांगितली होती.

सप्टेंबरात एका मंगळवारी, हर्षिताला शाळेत सोडून, ती कोणाला न सांगता धुळ्याच्या एस.टी.त बसली. पत्ता अर्जासाठी मिळवलेल्या कागदांत होता. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोन्हीकडे कपाशी उभी होती आणि ऊन नुसतं चमकत होतं. धुळ्याच्या स्टँडवरून रिक्षावाल्याने तिला यंत्रमागांच्या गल्लीत आणून सोडलं. घराघरातून मागांची खटखट येत होती, एकसारखी, बोलणं ऐकू येऊ नये इतकी. फक्त एका दारातून आवाज येत नव्हता. त्या दाराला कुलूप होतं, आणि कुलपावर सुताची धूळ साचलेली.

शेजारच्या पायरीवर एक म्हातारी मागाच्या सुताच्या कांड्या भरत बसली होती. हसीनाबी, फारुखची मावशी.

"कौन? स्कूलवाली बाई क्या?"

भाविका "हो" म्हणाली. खोटं बोलायचं ठरवून आली नव्हती, पण निघालं तोंडातून.

"आओ, बैठो. बहुत देर से आई तुम." हसीनाबीने हातातली कांडी खाली ठेवली. "तुमने कागज माँगा, वो लेने फारुख सूरत गया ना. दवाखानेवाले बोले महापालिका में जाओ. वो बोले पुराना रजिस्टर देखना पडेगा, कल आओ. रोज कल. फारुख फोन पे बोला, मावशी, बैठे बैठे क्या खाएँगे, इधरच लूम पे लगता हूँ. सबा और बच्ची को भी बुला लिया."

"सबा म्हणजे अलफियाची आई?"

"हाँ. दो बार फोन आया. फिर ऑगस्ट से बंद. ये देखो, मैं रोज लगाती." तिने फोन भाविकाच्या कानाला लावला. त्यातली बाई गुजरातीत काहीतरी सांगत होती आणि मग फोन आपोआप कटला.

"आणि अलफिया? ती शाळेत जाते का तिकडे?"

"किसको मालूम." हसीनाबीने कांडी परत उचलली. मग म्हणाली, "पेटी ले के आई ना जळगाव से, तो इधरच बैठी, तुम बैठी वहीं. बोली, दादी, मेरी पैदाइश गलत निकली. मैं बोली, पगली, पैदाइश गलत कैसे होगी? मैं खुद थी सूरत के दवाखाने में. मेरे हाथ में दिया तुझे नर्स ने."

"कधी?" भाविकाने विचारलं. "तारीख आठवते तुम्हाला?"

"आठवायला काय," हसीनाबी आता मराठीत म्हणाली, जणू शाळेच्या बाईला नीट कळावं म्हणून. "कागद आहे ना."

आतून तिने प्लास्टिकच्या पिशवीतली झेरॉक्स आणली. मूळ चिठ्ठी फारुख सुरतेला घेऊन गेला होता. डोक्यावर रेघ नसलेली ती गुजराती अक्षरं, दवाखान्याचा शिक्का, आईचं नाव. आणि तारीख. ती वाचायला गुजराती यावं लागत नव्हतं. शालिग्रामनाही आली असती, दाराआडून भाविकालाही आली असती. एक, सहा, दोन हजार पंधरा.

एक जून.

अर्ध्या खानदेशाची ती खोटी तारीख. मास्तरांनी अंदाजाने टाकलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली, हसण्यावारी नेलेली. त्या तारखेला एखादं मूल खरोखरच जन्माला येऊ शकतं, हे भाविकाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मास्तराची मुलगी नसती, तर तिला ती तारीख साधी तारीख वाटली असती.

मागांची खटखट चालू होती. हसीनाबी म्हणत होती, "चाय लोगी?" भाविका तिच्या ओठांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत दुसरा अर्ज दिला. यावेळी अर्ध्या पानाचा. माझी तक्रार चुकीची होती, सोबत पुरावा जोडला आहे, माझ्या मुलीचं नाव मी मागे घेते. अर्ज देण्याआधी हर्षिताला समोर बसवून सगळं सांगितलं, दाराआडचं 'बरं झालं'सुद्धा. हर्षिताने ती शिवलेली वही मिटली.

"मग मी परत हर्षिता?" ती म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी अर्ज दोनदा वाचला. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, या वर्षभर जागा रिकामी ठेवते. झेरॉक्सवर मी समितीकडून मान्यता घेईन, दाखला मागाहून आला तरी चालेल. पण मुलगी आणा. वडिलांची सही लागेल, आणि मुलगी समोर उभी पाहिजे. नुसत्या नावाला मी जागा कशी देऊ?

आता हर्षिता शेजारच्या तुकडीत बसते. मधल्या भिंतीपलीकडून रोज सकाळी हजेरी ऐकू येते, असं ती सांगते. बावीस, हजर. तेवीस, हजर. मग चोवीस, आणि मग बाई थोडं थांबतात.

भाविकाने सुरतेला जाऊन पाहिलं, दोनदा. कुंदनही गेला, दुकान बंद ठेवून. हसीनाबीला फक्त एवढंच आठवतं, लिंबायतच्या पुढे, लूमच्या खोल्या, खाली पाण्याची टाकी. तशा टाक्या आणि तशा खोल्या तिथे मैल मैल आहेत. दारादारात विचारलं, तर लोक आधी हिच्या हातातल्या फाइलकडे बघतात आणि नाही म्हणतात. म्हणून आता ती फाइल नेत नाही. पण तिचा चेहराच कागद मागायला आल्यासारखा दिसतो, त्याला ती काय करणार?

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हाला तिचं एक सांगणं आहे. धुळ्या-जळगावच्या कोणत्या घरातलं कोणी सुरतेला नाही? तुमचा भाऊ असेल, नणंद असेल, गावचा एखादा ओळखीचा मागावर असेल. त्यांना विचारा. फारुख, धुळ्याचा, यंत्रमाग चालवतो. बायको सबा. मुलगी अलफिया, दहा वर्षांची, दोन वेण्या घालते, कोणाशीही आपणहून बोलते. सापडली, तर जागेचं लगेच सांगू नका, त्यांचा विश्वास बसणार नाही. आधी ती बरी आहे ना, एवढं बघा. आणि जमलं तर रविवारी जाऊ नका, मधल्या वारी जा, शाळा भरलेली असते तेव्हा, सकाळी अकराच्या सुमाराला. त्या वेळी ती घरी सापडली, तर तिथूनच भाविकाला फोन करा.